पायरियाची सफाई झाली, पण पुढची तारीख?

हिरड्यांखालची खोल सफाई झाली, रक्त थांबले, तोंडाचा वासही गेला. मग केस पेपरवर लिहिलेली पुढची तारीख तशीच राहून जाते. ताडीवाला रोड, येरवडा, जनता वसाहत, कुठेही हा विषय काढला की आम्हाला एकच उत्तर मिळते : "आता दुखत नाही, मग कशाला जायचे?" धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा एक खाडा म्हणजे पगारात कपात, हे आम्ही जाणतो. तरी सांगतो, ती तारीख उपचाराचाच भाग आहे.

तोंडात शेकडो जातींचे जंतू कायम असतात. बहुतेक निरुपद्रवी. पण दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फट पडली, जिला डॉक्टर पॉकेट म्हणतात, की हवा न पोचणाऱ्या त्या जागी पोर्फायरोमोनास जिंजिवॅलिससारखे जंतू वाढतात. त्यांच्याशी लढताना सूज राहते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. सफाईने हे जंतू कमी होतात, संपत नाहीत. काही आठवड्यांत ते पुन्हा जमू लागतात आणि खोल फटीत आपला ब्रश पोचत नाही. म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी बोलावतात. हिरड्या चांगल्या राहिल्या तर डॉक्टर हे अंतर वाढवतात.

स्वीडनमधील आक्सेलसन आणि लिंडे यांनी १९८१ साली हेच दाखवून दिले. उपचारानंतर काही रुग्णांना दर दोन-तीन महिन्यांनी बोलावले, बाकीच्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे परत पाठवले. सहा वर्षांनी पहिल्यांच्या हिरड्या टिकलेल्या होत्या, दुसऱ्यांचा आजार उलटला होता.

"सफाई केली की दात हलतात" हे तर प्रत्येक वस्तीत ऐकू येते. खरे असे, की हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या थराने दात एकमेकांना चिकटून उभे असतात. किटण निघाले की फटी दिसतात, थंड पाणी झोंबते, दोष मात्र सफाईवर येतो. झोंबणे बहुतेकांचे काही दिवसांत कमी होते. हलणारा दात दाखवावाच.

मिश्रीबद्दल स्पष्टच बोलतो. तवा तापवून भाजली तरी ती तंबाखूच. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपतो आणि आतून वाढत राहतो. उपचारानंतर मिश्री चालू ठेवली तर जखम नीट भरत नाही. शिवाय तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. मधुमेह असेल तर दुहेरी त्रास : साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

घरी सकाळी आणि रात्री मऊ ब्रश, आणि दोन दातांच्या मधे जाणारा बारीक ब्रश. गुळण्यांच्या औषधाने ही कामे होत नाहीत, दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकने तर नाहीच.

खर्चाचे म्हणाल तर धनकवडीचे भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातील आझम कॅम्पसचे रंगूनवाला, अशा दंत महाविद्यालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात आणि ते खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडते. वेळ मात्र जास्त लागतो, म्हणून दोघी-तिघींनी एकाच दिवसाची तारीख मागावी. तिथे विचारा, "माझे पॉकेट किती मिलिमीटर?" तीनपर्यंत ठीक, त्यापुढे लक्ष हवे. आकडा केस पेपरवर लिहून घ्या. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती सोबत न्या.