बोईसरचा कॅडेट बर्फाची भिंत कशी चढतो? एनसीसीच्या गिर्यारोहण कोर्सची सगळी माहिती

पालघर : आपल्याकडे बर्फ म्हणजे सातपाटी, मुरबे बंदरावर मासळीच्या पेटीत टाकतात तो. त्यामुळे कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरी येऊन सांगते, ‘एनसीसीतून बर्फ चढायला जायचंय’, तेव्हा आईबापाच्या पोटात गोळा येतोच. हे प्रशिक्षण नेमकं काय असतं, ते समजून घेऊ.

कुठे होतं?
अकरावीपासून पुढे कॉलेजात एनसीसी घेतलेल्या कॅडेटना सरकारी गिर्यारोहण संस्थांच्या कोर्ससाठी निवडलं जातं. दार्जिलिंगची संस्था 1954 मधली, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 मधली. मनाली आणि पहलगामलाही अशा संस्था आहेत. निवड झाली की कोर्सचा खर्च एनसीसी उचलते. घरून काय सामान न्यायचं, ते आपल्या युनिटमध्ये आधीच विचारून घ्या.

पहिल्या दिवशीच बर्फ नाही
बेसिक कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. उत्तरकाशीत आधी तेखला इथल्या खडकावर दोर, गाठी, चढणं-उतरणं शिकवतात. मग पाठीवर सामान घेऊन टप्प्याटप्प्याने डोकरानी हिमनदीकडे नेतात. ही चाल मुद्दाम सावकाश ठेवलेली असते. साडेतीन हजार मीटरवर श्वासाला मिळणारा प्राणवायू आपल्या किनाऱ्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात.

बर्फावर पाय कसा टिकतो?
बुटाखाली लोखंडी दातांचा सांगाडा बांधतात, त्याला क्रॅम्पॉन म्हणतात. त्याचे पुढचे दोन दात बर्फात रोवून कॅडेट उभा राहतो. हातात आईस अॅक्स, म्हणजे बर्फात रुतणारी छोटी कुदळ. एका वेळी एकच हात किंवा पाय हलवायचा, बाकी तीन घट्ट. नवखा माणूस दमला की टाच वर उचलतो आणि दात सुटतात. म्हणून उस्ताद सारखे ओरडत असतात, ‘टाच खाली!’ वरून दोर बांधलेला असतो, तो दुसरा माणूस धरून असतो. पाय सुटलाच, तर कॅडेट दोरावर लटकतो. उतारावर घसरलं तर कुदळीने स्वतःला कसं थांबवायचं, तेही आधीच घोटून घेतात.

धोका आहे का?
आहे, लपवण्यात अर्थ नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर याच उत्तरकाशीच्या संस्थेच्या अॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. 27 जणांचे मृतदेह मिळाले. डोंगर कुणाची ओळख ठेवत नाही. म्हणून दोन गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवा : दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल तर वैद्यकीय तपासणीत लपवायचा नाही. आणि वर डोकं ठणकलं, उलटी झाली, तर ‘लोक हसतील’ म्हणून गप्प बसायचं नाही, लगेच उस्तादांना सांगायचं. त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच खरा उपाय.

आपल्या मुलांना जमेल?
चंद्रपूर हा उन्हाने भाजणारा जिल्हा. तिथल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये ‘मिशन शौर्य’तून एव्हरेस्ट गाठलं. 18 मे 2025 ला एनसीसीचे दहा कॅडेटही तिथे पोचले, सरासरी वय 19. यातलं कुणीही कुदळ हातात घेऊन जन्मलं नव्हतं.

तयारी इथेच सुरू करता येते. रोज पहाटे धावणं, आठवड्यातून एकदा पाठीवर 10-15 किलो वजन घेऊन काळदुर्ग किंवा कोहोज चढणं. अशेरीगडाच्या कातळावर मात्र जाणकार सोबत असल्याशिवाय जाऊ नका. जव्हार-मोखाड्याच्या पोरांचे पाय तर चढणीवर आधीच तयार झालेले असतात.

पुढे उपयोग काय?
बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी मिळाली तर अॅडव्हान्स कोर्सचा रस्ता खुला होतो. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं आणि पदवीला 50 टक्के असतील, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी मुलाखतीला अर्ज करता येतो.

तेव्हा पोरगी विचारेल, ‘जाऊ का?’ तर लगेच नाही म्हणू नका. आधी तिच्या कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांना जाऊन भेटा, मनातलं सगळं विचारा, मग ठरवा.