हारातून संत वगळला
युरोपातल्या सरदारी बिरुदाच्या गळ्यातल्या हारात अनेकदा धार्मिक खूण असे. इंग्लंडच्या ‘गार्टर’ हाराला आजही ड्रॅगनला भोसकणारा घोडेस्वार संत जॉर्ज लटकतो. मग १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानातल्या मानकऱ्यांसाठी काढलेल्या ‘स्टार ऑफ इंडिया’च्या हारात ना संत, ना क्रूस, हे कसे? सोन्यावर मिनाकाम केलेली कमळे, पामच्या डहाळ्या, लाल-पांढरे गुलाब आणि मध्यभागी मुकुट, एवढेच. ही निव्वळ सजावटीची हौस नव्हे. १८५७ च्या उठावामागे धर्म बुडण्याची धास्ती होती, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि (हो, ‘नाइट’ म्हणूनच) भोपाळच्या सिकंदर बेगम यांच्या गळ्यात क्रूस घालणे परवडणारे नव्हते.

या बिरुदाच्या ब्रीदवाक्यात स्वर्गीय प्रकाश आहेच की, असा आक्षेप येईल. पण तो कोणत्या धर्माचा स्वर्ग, हे मोघमच ठेवले आहे, आणि मुद्दाम ठेवलेले दिसते. संताची जागा मात्र रिकामी राहिली नाही. हाराखालच्या पदकात ऑनिक्सवर कोरलेला राणीचा चेहरा आला. मानवी प्रतिमा मुसलमान नबाबांना खटकण्याजोगी असूनही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना १८९५ मध्ये आणि म्हैसूर संस्थानच्या चौथ्या कृष्णराज वडियारांना १९०७ मध्ये हा मान मिळाला. हार मालकीचा नव्हे. धारकाच्या निधनानंतर वारसांनी तो परत करायचा असे.