इतिहासातील रक्ताळलेली पाने

ग्वाल्हेरच्या फूलबागेत महाराणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. आमच्या शाळेतील मुले दरवर्षी तेथे जाऊन फुले वाहतात. यंदा परतताना इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, लढाईत शिपाई मरायचेच, पण झांशीतल्या साध्या माणसांचे काय झाले?"

या प्रश्नाचे उत्तर एका मराठी माणसाने लिहून ठेविले आहे. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजा झांशीत शिरल्या, तेव्हा ते शहरातच अडकले होते. लपूनछपून त्यांनी प्राण वाचविले आणि कत्तल, लूट व जाळपोळ डोळ्यांनी पाहिली. तेथील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, त्याचेही त्यांना अतोनात दुःख झाले. त्यांची ही हकीकत 'माझा प्रवास' या नावाने चिंतामणराव वैद्यांनी काही फेरफार करून १९०७ साली प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितावरून ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापली.

लहान मुलांना असे प्रकरण शिकविताना मी मृतांच्या आकड्यांपासून आरंभ करीत नाही. "हजारो" या शब्दाने बालमन हलत नाही. अंधारात श्वास रोखून बसलेला एक भिक्षुक मात्र त्यांना तत्काळ दिसतो. जखमांची वर्णने मी गाळतो. ती ऐकून काही मुले घाबरतात, आणि काहींना, खरे सांगावयाचे तर, त्यांची गोडी लागते.

येथवरचे काम सोपे. कठीण भाग पुढे आहे. त्याच झांशीत ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत सुमारे साठ युरोपियनांना ठार मारण्यात आले. त्यांत बायका व मुलेही होती. यात राणीचा हात होता की नव्हता, याविषयी इतिहासकारांत वाद झाला, आणि तो वाद म्हणूनच मुलांस सांगावा. एका पालकांनी मला विचारले, "परक्यांची दुःखे आमच्या मुलांना कशाला?" मी त्यांस वर्गात बसण्याची विनंती केली.

फळ्यावर चार ओळी लिहिल्या: ८ जून, जोखनबाग. जूनचा मध्य, अलाहाबादेस कर्नल नीलने चालविलेल्या फाशा. १५ जुलै, कानपूरच्या बिबीघरात कैदेतील इंग्रज स्त्रिया व मुलांची हत्या. पुढील एप्रिल, झांशी. मुलांनी आधी "प्रारंभ त्यांनीच केला" असे म्हटले. मग तारखा पाहिल्या. बिबीघराचा सूड म्हणून पुष्कळ अत्याचार झाले हे खरे, परंतु नीलच्या फाशा त्यापूर्वीच्या. आणि जोखनबाग त्याहूनही आधीची. तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडची मुलेच."

पालक काही बोलले नाहीत. तास संपला तरी फळा कोणी पुसला नाही. भूमितीच्या गुरुजींना त्या तारखांच्या खालीच त्रिकोण काढावा लागला.