कबूल, करार, इसार: शब्दांचे काही गैरसमज

महाशिवरात्रीला मार्कंड्यात वैनगंगेच्या काठी पाय ठेवायला जागा नसते. चामोर्शी तालुक्यातल्या या गावापाशी नदी वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून इथल्या स्नानाचं माहात्म्य मोठं. स्नान उरकून ओलेत्यानेच माणूस मार्कंडादेवापुढे उभा राहतो, हात जोडतो आणि मनातल्या मनात नवस बोलतो. तिथून चार पावलांवर जत्रेतल्या दुकानदारांची वेगळीच बोलणी चाललेली असतात: भाडं कबूल, अनामत आत्ता, बाकी रक्कम मुदतीत. नवस घरचा, पण कबूल, अनामत, बाकी, रक्कम, मुदत हे पाचही शब्द अरबी. बोलणाऱ्याला त्याची खबर नसते आणि त्याचं काही अडतही नाही. (‘खबर’सुद्धा अरबीच.)

अडतं ते दुसरीकडे. शब्द देण्याच्या, पाळण्याच्या आणि मोडण्याच्या भाषेबद्दल आपल्याकडे बऱ्याच समजुती आहेत. काही निव्वळ गमतीच्या, काही मात्र खिशाला चाट लावणाऱ्या.

पहिली समजूत अशी की हे शब्द धर्माबरोबर आले, आणि शिवकाळात ते हटवले गेले. दोन्ही अर्धवट. हे शब्द आले ते मुख्यतः दफ्तराबरोबर. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, त्यात आणि त्याच्यानंतरच्या शाह्यांत फारसी ही दरबाराची भाषा होती. फारसीने आधीच अरबी शब्द पोटात घेतलेले होते, ते तिच्यामार्फत मराठीत उतरले. मूळ अरबीत ‘करार’ म्हणजे स्थिरावणं, ठरणं. ‘कौल’ म्हणजे बोलणं, बोल. शिवछत्रपतींनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशाने अशा दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे खरं. पण कोश कागदावर राहिला आणि करार, जामीन, कबुलायत लोकांच्या तोंडी राहिले. मोल्सवर्थचा 1831 सालचा मराठी-इंग्रजी कोश उघडला तर अशा शब्दांपुढे ते कुठून आले याची खूण दिसते. 1925 साली ‘फार्शी-मराठी कोश’ करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. शत्रूची शिरगणती करून मगच त्यांनी लढाई पुकारली म्हणायची.

आणि राहिलेले शब्द तरी जसेच्या तसे कुठे राहिले? सरकारने रयतेला दिलेलं अभयाचं आश्वासन म्हणजे कौल. कोकण-गोव्यात देवीच्या अंगावरची फुलं वा पाकळ्या पडून मिळतो तोही कौल. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रात येतो तो जनतेचा कौल. अरबाला यातलं एकही ओळखता येणार नाही. ‘अमानत’ची अक्षरं इकडची तिकडे होऊन ‘अनामत’ झाली, तीही त्याच्या कानाला परकीच. वायद्याचं त्याहून मजेशीर. पुढाऱ्याचा वायदा म्हणजे हवेतली गोष्ट, पण वायदे बाजारातला वायदा असा बांधील की भाव पडला तरी सौदा पुरा करावाच लागतो.

दुसरी समजूत: अरबी वचन म्हणजे ‘इन्शाअल्ला’, ढिलं, लेखी करार ही इंग्रजांची देणगी. कुराणातली सर्वांत लांब आयत, दुसऱ्या सुरेतली 282 वी, कशाबद्दल आहे? उधारीबद्दल. मुदत ठरवा, लिहून घ्या, लेखकाने प्रामाणिकपणे लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असली तरी कंटाळा करू नका, असा तिचा आशय. आपल्याकडेही याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋण, साक्षी आणि लेख्य यांची स्वतंत्र प्रकरणं आहेत. इंग्रज यायच्या कितीतरी आधी कागद, शाई आणि साक्षीदार हजर होते.

उलट अरबीची छाननी इंग्रजीपेक्षा बारीक आहे. एकतर्फी दिलेला शब्द तो ‘वअद’. दोन बाजूंनी बांधून घेतलेली निष्ठा ‘अहद’. व्यवहाराचा करार ‘अक्द’, म्हणजे शब्दशः गाठ. आणि शपथ ‘यमीन’, म्हणजे उजवा हात. मोडण्याची क्रियापदंही प्रत्येकाची निराळी, अहद तर विणलेलं उसवावं तसा उसवला जातो. ‘वअद’च्याच धातूपासून ‘वईद’ निघतो, त्याचा अर्थ धमकी. इंग्रजीत वर्ड, प्रॉमिस, व्हाउ, काँट्रॅक्ट सगळे एकाच ‘ब्रेक’ने मोडतात. शिवाय गॅरंटी आणि वॉरंटी या दोन निरनिराळ्या शब्दांवर दुकानदार जे प्रवचन देतो, ते तर जुळ्या बहिणींचं. फ्रेंचच्या दोन बोलींतून एकच शब्द इंग्रजीत दोनदा शिरला. आज त्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या कार्डावर वाचाव्यात.

मोडण्या-पाळण्याच्या क्रियापदांत मराठी अरबीच्या जवळ बसते. करार मोडतो, शब्द फिरवला जातो, वचनाला माणूस जागतो, आणि नवस फेडला जातो. कर्ज फेडतात त्याच क्रियापदाने.

आता खिशाकडे.

‘कागद नाही म्हणजे करार नाही’ हे चंद्रपूर-गडचिरोलीत सर्रास ऐकू येतं. एप्रिल-मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. 70 पानांचा एक पुडा बांधून लोक फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणतात, तिथला मुन्शी मोजतो आणि वहीत मांडतो. वनहक्क कायदा 2006 आणि पेसा 1996 मुळे इथल्या अनेक ग्रामसभा ठेकेदाराशी थेट करारनामा करतात. त्यात रॉयल्टी इंग्रजी, हप्ता फारसी, शर्ती अरबी. तो कागद हवाच. पण मजुराला तोंडी ठरवून दिलेला पुड्याचा भाव कागदाअभावी हवेत विरत नाही. 1872 च्या करार कायद्याचं दहावं कलम स्वेच्छेची संमती, सज्ञान आणि सक्षम पक्ष, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू मागतं. कागद फक्त जिथे दुसरा कायदा मागतो तिथेच. तोंडी करार वैध असतो, कठीण असतं ते तो सिद्ध करणं. म्हणून मुन्शीच्या वहीतली ओळ मोलाची, आणि तिचा मोबाइलवर काढलेला फोटोही.

याच्या उलटी समजूत देवळाच्या वर्गणीची. यादीत नाव आणि आकडा घातला की पैसे वसूल करता येतात, असं मंडळांना वाटतं. 1886 साली कलकत्ता हायकोर्टापुढे हावड्याच्या टाउन हॉलच्या वर्गणीचं प्रकरण आलं. एकाने 100 रुपये कबूल केले होते, आणि अशा वर्गण्यांच्या भरवशावर आयोजकांनी बांधकामाचा ठेका दिला होता. त्याला पैसे भरावे लागले. 1936 च्या मद्रासच्या प्रकरणात मात्र देवळाच्या दुरुस्तीचं काम आधीच चालू होतं, पैसे कमी पडले म्हणून यादी फिरवली गेली. त्या आकड्याच्या बदल्यात कुणी काही नवं अंगावर घेतलं नव्हतं, म्हणून दावा टिकला नाही. मुद्दा यादीचा नसून तिच्यावर विसंबून कुणी काय केलं याचा असतो. देवाला बोललेल्या नवसाचा दावा अर्थात कुठल्याच कोर्टात चालत नाही. तिथे माणूस स्वतःच वसुली अधिकारी असतो, आणि बहुधा कडक.

कोर्टात गीतेवर हात ठेवून शपथ घेतात, ही सिनेमाची कृपा. 1969 च्या शपथ अधिनियमाच्या नमुन्यात धर्मग्रंथ नाही. साक्षीदाराने ईश्वराच्या नावाने शपथ घ्यावी, किंवा ईश्वर नको असेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. दोन्हींचं वजन सारखंच.

शब्दाने सर्वांत जास्त फसवलंय ते ‘हमीभावा’त. गडचिरोलीच्या धान उत्पादकाला वाटतं की हमी आहे म्हणजे त्याखाली कुणी खरेदी केली तर तो गुन्हा. सरकारी कागदात शब्द आहे ‘किमान आधारभूत किंमत’. केंद्र सरकार ती हंगामागणिक जाहीर करतं आणि सरकारी खरेदी केंद्रांवर त्या दराने खरेदी होते. प्रत्येक खाजगी व्यापाऱ्याने तोच दर द्यावा असं बांधून घालणारा देशव्यापी कायदा नाही. हमी हा शब्द लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी चिकटवला. शेतकरी संघटनांचं भांडण नेमकं तेच आहे: शब्द आहे तर कायदाही करा. त्यात चूक काय?

शेवटी इसार. चार साक्षीदारांसमोर पैसे मोजले, इसारपावतीवर सह्या झाल्या, की घेणारा ‘जमीन घेतली’ म्हणून गावभर सांगतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 54 वं कलम उलट सांगतं. विक्रीचा करार ही पुढे विक्री होईल एवढीच बोली असते, त्याने मालकी किंवा जमिनीतला कोणताही हक्क आपोआप तयार होत नाही. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच बदलते. त्यात जमीन आदिवासी खातेदाराची आणि घेणारा बिगरआदिवासी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकत घेताच येत नाही. इसारपावतीवर कितीही सह्या असोत. तेव्हा पैसे मोजण्याआधी सातबारा काढा, खातेदाराचं नाव आणि जमिनीचा भोगवटादार वर्ग नीट वाचा, आणि व्यवहार तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवूनच पुरा करा.