न वाजवता घ्यायची जुनी गिटार

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा बाजार मुख्यतः फेंडर आणि गिब्सन या दोन अमेरिकी नावांभोवती फिरतो. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये बाजारात आली, तर गिब्सनची लेस पॉल त्याआधी दोन वर्षे. जानेवारी 1965 मध्ये लिओ फेंडर यांची कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्यानंतर उत्पादन वाढले आणि दर्जा घसरला असे वादकांचे मत बनले. तेव्हापासून ‘प्री-सीबीएस’ हे दोन शब्द जाहिरातीत आले की भाव चढतो. 1964 च्या शेवटी आणि 1965 च्या सुरुवातीला बनलेल्या दोन गिटारींमधला फरक कानाला कळेलच असे नाही, किमतीत मात्र तो हमखास दिसतो. गिब्सनच्या बाबतीत 1958 ते 1960 या काळातली सनबर्स्ट रंगाची लेस पॉल सर्वांत मोलाची समजली जाते. त्या वेळी ती फारशी खपली नाही, म्हणून 1961 मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला. पुढे एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या वादकांनी तिला हात लावल्यावर मागणी वाढत गेली. आज तिचे चांगले नग लाखो डॉलरना जातात.

पूर्वी अशा गिटारी तारण ठेवून पैसे देणाऱ्या दुकानांत, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींत आणि खास भरणाऱ्या प्रदर्शनांत सापडत. 1995 मध्ये ईबे सुरू झाले आणि गावोगावच्या पोटमाळ्यांवरचा माल एका पडद्यावर आला. 2013 पासून केवळ वाद्यांसाठी असलेले रिव्हर्ब आहे, तिथे लिलावापेक्षा घासाघीस जास्त चालते. जपानमधला माल याहू ऑक्शन्सवर येतो. परदेशी ग्राहकाला तो मध्यस्थामार्फत घ्यावा लागतो. 1970 च्या दशकात जपानी कारखान्यांनी अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब नकला काढल्या होत्या. त्या इतक्या चांगल्या होत्या की 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर दावा लावला. आता त्या नकलाच संग्राह्य ठरल्या आहेत, आणि बेताच्या खिशाच्या खरेदीदाराला त्या बऱ्या पडतात.

भाव ठरतो तो प्रामुख्याने गिटार किती मूळ अवस्थेत आहे यावर. नुसती झीज झालेली असेल तर फारसे बिघडत नाही. रंग उडालेला, लॅकरला बारीक भेगा गेलेल्या, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, हे सगळे चालते. पण कोणी हौसेने पुन्हा रंग दिला असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि नेक महोगनीची, त्यामुळे गिटार पडली की हेडस्टॉक मानेपाशी मोडतो. तो कितीही सफाईने चिकटवला तरी भावाचे नुकसान भरून येत नाही. पिकअप किंवा खुंट्या बदललेल्या असल्या तर त्याचेही पैसे कापले जातात. वाजवून गुळगुळीत झालेल्या फ्रेट बदलणे मात्र बाजार समजून घेतो, कारण वाद्य वाजते ठेवायचे तर ते करावेच लागते.

लिलावात बोली लावणाऱ्याच्या हातात गिटार नसते, फक्त फोटो असतात. म्हणून जाणकार समोरून काढलेल्या चकचकीत फोटोंवर वेळ घालवत नाहीत. गिटार उघडून आतले फोटो मागतात. स्ट्रॅटोकास्टरची नेक चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की टाचेवर तारीख दिसते. सुरुवातीच्या काळात ती पेन्सिलीने लिहिलेली असे, 1962 पासून रबरी शिक्का आला. ‘2 मार्च 64 बी’ असा शिक्का असेल तर नवखा माणूस ती 2 मार्च ही तारीख समजतो. प्रत्यक्षात 2 हा स्ट्रॅटोकास्टरचा संकेतांक आहे आणि ‘बी’ हे नेकच्या रुंदीचे माप. महिना आणि वर्ष तेवढे खरे.

पुढचा पुरावा पिकगार्डखाली मिळतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. 3046352 असे असतील तर 304 म्हणजे स्टॅकपोल ही बनवणारी कंपनी, 63 हे वर्ष आणि 52 हा त्या वर्षातला आठवडा. मार्च 1964 च्या नेकसोबत हा पॉट शोभून दिसतो. मात्र पॉट फक्त एका बाजूने साक्ष देतो : गिटार त्याच्याआधी बनलेली असू शकत नाही. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला की त्या वर्षाचे पॉट पुढची काही वर्षे गिटारींत बसत राहिले. याउलट 1964 च्या म्हणून विकायला ठेवलेल्या गिटारीत 1967 चा पॉट निघाला, तर मधे कोणाचा तरी हात लागला आहे. मग सोल्डरचे ठिपके पाहावे लागतात. जुने मळकट दिसतात, पुन्हा तापवलेले चकाकतात.

रंग मूळचा आहे का, हे ओळखण्याची एक खूण फार मजेदार आहे. 1964 च्या सुमारापर्यंत फेंडरच्या कारखान्यात रंग देताना बॉडीला छोटे खिळे मारून तिला टेबलापासून वर उचलून धरत, आणि रंग वाळल्यावर खिळे उपटत. त्यामुळे मूळ रंगाच्या बॉडीत पिकगार्डखाली खिळ्यांची भोके आतून कोरी असतात. भोकात रंग उतरलेला दिसला, तर तो नंतर दिलेला आहे.

अनुक्रमांकावर विसंबणे त्या मानाने धोक्याचे. फेंडरचा अनुक्रमांक बऱ्याचदा नेकमागच्या लोखंडी पट्टीवर असतो, आणि ती पट्टी चार स्क्रू काढले की बदलता येते. गिब्सनने 1960 च्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, म्हणून नुसत्या आकड्यावरून साल ठरत नाही. ‘आजोबांची गिटार आहे, मला यातले काही कळत नाही’ असे सांगणारा विक्रेता आतले फोटोही देत नसेल, तर तिथे बोली लावू नये. खरोखर अजाण माणूस स्क्रू काढायला घाबरतो हे खरे. पण जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याकडून ते काम सहज करून घेता येते.

बोलीची पद्धत जागेगणिक बदलते. ईबेवर खरेदीदार आपली कमाल रक्कम आधीच नोंदवतो. यंत्रणा ती उघड न करता इतरांच्या बोलीला पुरेल एवढीच पुढे सरकते. लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो, म्हणून मुरलेले लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प बसतात. लवकर बोली लावली की भाव चढतो आणि इतरांचे लक्ष वेधले जाते. विक्रेत्याच्याच माणसांनी खोट्या बोली लावून भाव फुगवण्याचा प्रकारही चालतो. तो नियमाविरुद्ध आहे, पण ओळखणे सोपे नाही. आपल्या रकमेचा अंदाज मागितलेल्या किमतींवरून बांधू नये, पूर्वी प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून बांधावा. भरमसाट किमतीला टांगलेल्या गिटारी वर्षानुवर्षे तशाच टांगलेल्या असतात.

लिलावगृहांत हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराला अधिभारही द्यावा लागतो. क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावगृहात 8,50,000 डॉलरना गेली. अधिभार धरून ती 9,59,500 डॉलरना पडली. गंमत अशी की ब्लॅकी तीन स्ट्रॅटोकास्टरचे चांगले भाग जुळवून बनवलेली होती. अनोळखी विक्रेत्याने अशी जोडगिटार विकायला काढली असती, तर खरेदीदारांनी भाव पाडून मागितला असता. प्रसिद्ध हातातून आलेल्या वाद्याचा बाजार वेगळाच असतो. सामान्य गिटारीची किंमत ठरवताना त्याचा दाखला घेऊ नये.

सीमा ओलांडताना लाकडाचा प्रश्न येतो. 1950 च्या आणि 60 च्या दशकांतल्या बऱ्याच गिटारींचे फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचे आहेत. सायटीस या आंतरराष्ट्रीय करारानुसार 1992 पासून त्याच्या व्यापारावर कडक बंदी आहे, आणि जुन्या वाद्यालाही परवाना लागतो. त्याऐवजी वापरात आलेला भारतीय रोझवूड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव. 2017 मध्ये त्याच्यावरही निर्बंध आले, पण तयार वाद्यांना 2019 अखेर सूट मिळाली. भारतात मागवणाऱ्याला सीमाशुल्क आणि कर तर भरावे लागतातच, शिवाय वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर इथे परवान्याचे बंधन आहे. त्यामुळे बोली लावण्याआधीच सीमाशुल्क दलालाशी बोलून घ्यावे. अनेक जण अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गिटार मागवतात. तिथे गिटार नीट तपासून घेता येते हा त्याचा खरा फायदा.

पाठवण्यापूर्वी तारा थोड्या सैल कराव्यात आणि हेडस्टॉकखाली आधार ठेवावा, असे विक्रेत्याला लेखी कळवावे. थंड हवामानातून आलेले खोके लगेच उघडू नये. थंड पडलेले लॅकर एकदम उबदार हवेत आले की तडकते, म्हणून खोके काही तास खोलीत तसेच राहू द्यावे. उघडताना फोटो काढून ठेवावेत आणि परतीची मुदत संपण्याआधी नेक, पॉट आणि पिकगार्ड पुन्हा एकदा उघडून विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोंशी ताडून पाहावेत.