स्तनाचा एमआरआय : वाचणारी नजर कशी घडते?

स्तनाच्या एमआरआयची चर्चा बहुतेकदा यंत्राभोवतीच फिरते. किती टेस्लाचं आहे, नवं आहे का, कुठल्या सेंटरला आहे. निदान मात्र रिपोर्ट लिहिणारा रेडिओलॉजिस्ट करतो, आणि त्याची नजर कशी तयार होते याबद्दल रुग्णांमध्ये आणि काही वेळा डॉक्टरांमध्येही चुकीच्या कल्पना आहेत.

गैरसमज : जे उजळतं तो कर्करोग.

स्त्रियांना सर्वांत जास्त घाबरवणारा समज हाच. तपासणीच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम असलेलं औषध देतात. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या उभ्या करते. त्यांतून औषध झपाट्याने झिरपतं आणि गाठ पडद्यावर उजळते. पण फायब्रोॲडिनोमासारखी साधी गाठही उजळते, सूज उजळते आणि निरोगी ग्रंथीही उजळतात. निरोगी ग्रंथींचं हे उजळणं संप्रेरकांनुसार कमीजास्त होतं. म्हणून घाई नसेल तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसांत तपासणी ठेवतात.

त्यामुळे शिकणाऱ्याला कर्करोग शोधण्याइतकंच, काय सोडून द्यायचं हेही शिकावं लागतं. गाठीची कड गुळगुळीत आहे की काटेरी? ती सगळी सारखी उजळते की फक्त कडेने? सर्वांत अवघड असतं ते गाठीचा आकार नसलेलं उजळणं. ते दुग्धनलिकेच्या दिशेने रेषेत गेलं असेल तर संशय वाढतो, दोन्ही स्तनांत सारखं विखुरलेलं असेल तर कमी होतो. या वर्णनांसाठी सर्वांनी एकच परिभाषा वापरावी म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2003 मध्ये आपल्या बाय-रॅड्स पद्धतीत एमआरआयचा समावेश केला.

गैरसमज : आलेख पाहिला की उत्तर मिळतं.

औषध किती वेगाने चढतं आणि उतरतं याचा आलेख संगणक काढून देतो, रंगही भरून देतो. जर्मनीच्या क्रिस्टियाने कूल यांनी 1999 मध्ये 266 गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध पटकन चढून उतरू लागलेल्या गाठींपैकी 87 टक्के कर्करोगाच्या होत्या, हळूहळू चढतच राहिलेल्यांपैकी 6 टक्के. म्हणजे 'निर्धोक' वाटणाऱ्या आलेखामागेही कर्करोग होता. आलेखाने मदत होते, पण काटेरी कड दिसत असताना आलेखावर विसंबून गाठ सोडून देणं ही चूकच.

गैरसमज : मॅमोग्राम वाचणाऱ्याला एमआरआय आपोआप येतो.

येत नाही. एमडीच्या तीन वर्षांत डोक्यापासून पायापर्यंतचं सगळं शिकायचं असतं, स्तनाच्या एमआरआयच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. पण तो शिकवता येतो. ब्रिटनमध्ये मॅमोग्राम वाचणाऱ्यांना थोड्या काळाच्या आखीव प्रशिक्षणातून संक्षिप्त (मोजक्याच प्रतिमांचा) एमआरआय वाचायला शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत.

गैरसमज : भरपूर स्कॅन वाचले की नजर तयार होते.

नेदरलँड्समध्ये अतिघन (ग्रंथींचा भाग खूप जास्त) स्तन असलेल्या 50 ते 75 वयाच्या स्त्रियांवर 'डेन्स' नावाची मोठी चाचणी झाली. 2019 मध्ये तिचे निष्कर्ष आले. पहिल्या फेरीत एमआरआयने दर हजार स्त्रियांमागे 16.5 कर्करोग पकडले, तर जवळपास 80 जणींच्या बाबतीत संशय नोंदवला गेला, पण पुढच्या तपासण्यांनंतर कर्करोग नसल्याचं निघालं. म्हणजे अशा तपासणीचे शंभर स्कॅन वाचणाऱ्या नवख्याला कर्करोग भेटणार एखाददुसरा. नजर घडायला हे फार कमी आहे. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात मुद्दाम कर्करोगाची प्रकरणं जास्त घातलेला संच देतात. शिकणारा आधी स्वतःचं मत नोंदवतो आणि मग बायोप्सीचं उत्तर त्याच्यासमोर ठेवतात. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा कणा हाच आहे. उत्तर न कळता वाचलेले हजार स्कॅन हात सराईत करतील, नजर पक्की करतीलच असं नाही.

आपल्याकडे नेमकी इथेच साखळी तुटते. एमआरआय एका सेंटरला, बायोप्सी दुसरीकडे, शस्त्रक्रिया तिसऱ्याच शहरात. ज्याने संशय लिहिला त्याला तो खरा ठरला की खोटा, हे कळतच नाही.

ही साखळी जोडायला रुग्णही हातभार लावू शकतात. 'डेन्स'च्या दुसऱ्या फेरीत कर्करोग नसताना दिलेल्या चुकीच्या इशाऱ्यांचं प्रमाण हजारी 80 वरून 26 वर आलं. तेव्हा तुलनेसाठी आधीचा स्कॅन हाताशी होता. म्हणून तपासणीला जाताना जुने स्कॅन आणि मॅमोग्राम, नुसते रिपोर्ट नव्हे तर फिल्म आणि सीडीही, सोबत न्या. पाळीची तारीख सांगा. आणि पुढे बायोप्सी झाली, तर तिच्या रिपोर्टची एक प्रत एमआरआय वाचणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने पोहोचवा.