घर कुणाच्या सोयीचं?

दसरा झाला की परळी तालुक्यात उचलीचे हिशेब सुरू होतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहायच्या. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळा तापायला लागला की परततात. शाळकरी लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना आली. पण जे लेकरू पंचवीस वर्षांचं आहे, ज्याला हाताने भरवावं लागतं, जे ट्रकचा भोंगा वाजला की कान दाबून भिंतीशी बसतं, त्याने हे पाच-सहा महिने कुठे राहायचं?

अशा घरापुढे तीन वाटा उरतात. सोबत न्यायचं, म्हणजे फडाकडेच्या कोपीत; आई पहाटेच तोडीला गेलेली आणि कोपीपलीकडे वाहता रस्ता. मागे आजीपाशी ठेवायचं, आजी आहे तोवर. नाहीतर आईने घरी थांबायचं, म्हणजे अर्धा कोयता आणि उचलही निम्मी. चौथी वाट निवासी संस्थेची. तिच्याविषयी आपण एकच प्रश्न विचारतो, जागा आहे का? तिथे माणूस कसा जगतो, हे विचारायची वेळच येत नाही. मला तेच विचारायचं आहे.

परळीचा देव वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. ‘देवाचं लेकरू’ म्हणून ज्याच्यावर माया केली त्याला बरं करावं म्हणून पायरीवर डोकं टेकणाऱ्या आईबापांची श्रद्धा मी कमी लेखणार नाही. पण बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता हा उतरणारा ताप नव्हे. ती त्या माणसाची आयुष्यभराची घडण आहे आणि ते आयुष्य आता लांबलं आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीला पोचलं आहे. आपल्याकडेही आईबापांच्या मागे राहणारी मुलं आता नवलाची नाहीत. ‘आमच्यामागे काय?’ हा प्रश्न एका पिढीपूर्वी इतक्या घरांत नव्हता. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढे कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळाली, एरवी घराचा उंबरठा.

१९९४च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलींची गर्भाशयं काढण्यात आली. कारण सांगितलं गेलं ते पाळीतल्या स्वच्छतेचं. मुलींना स्वतःला ते जमत नाही आणि सांभाळणाऱ्यांना झेपत नाही, म्हणून अवयवच नको. डॉ. अनंत फडके आणि अनेक स्त्री-संघटनांनी विरोध केला, राज्यभर वाद पेटला. त्या वादात एक साधी गोष्ट पुढे आली: पाळीत मदत करायला पुरेशा बायका नेमणं, कपडे आणि पाणी पुरवणं, संयमाने शिकवणं. खर्च शस्त्रक्रियेपेक्षा मोठा नव्हता, फक्त तो दर महिन्याला करावा लागला असता.

बीड जिल्ह्यात बसून हे लिहिताना एक आकडा टाळता येत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीचा खाडा परवडत नाही, दुखणं अंगावर काढून भागत नाही आणि दवाखान्यात भीती घातली जाते. शिरूरच्या मुलींना कुणी विचारलं नाही; इथल्या बायकांना विचारलं, पण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नाही. दोन्हीकडे शरीर बाईचं आणि सोय दुसऱ्याची. त्यामुळे निवासी संस्थेत पाऊल टाकताना हाच प्रश्न मनात ठेवावा असं मला वाटतं: इथली व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे?

जेवणाची वेळ राहणाऱ्यांच्या भुकेवर ठरते की स्वयंपाकिणीच्या सुट्टीवर? रात्री किती काळजीवाहक जागे असतात? फिट येणाऱ्या मुलाची गोळी वेळेवर मिळते का? आणि त्रास देणाऱ्याला गप्प करायला दुसरीच एखादी गोळी दिली जाते का? ज्याला बोलता येत नाही तो ‘नको’ कसा म्हणतो, हे ओळखणारं निदान एक माणूस तिथे आहे का? स्वमग्न मुलाने ताट भिरकावलं तर पुष्कळदा तो त्याचा नकारच असतो: आवाज फार झाला, जागा बदलली, दात दुखतोय. सहा महिने सोबत राहिलेल्या काळजीवाहकाला हे कळतं. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्याला फक्त ताट दिसतं, आणि तुटपुंज्या पगारावर माणसं टिकत नाहीत.

ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या वसतिगृहात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे उपासमारीने मृत्यू झाल्याच्या बातम्या २०१० साली आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरातल्या अशा बालगृहांच्या पाहणीचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्याकडे आलं. भूक लागली हे सांगता न येणारी मुलं, आणि विचारायला बाहेरून कुणी येत नाही. पैशाने हा प्रश्न आपोआप सुटतो असंही नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खासगी रुग्णालयात एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड मोजले जात होते. २०११ साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यात तिथले कर्मचारी रुग्णांना मारताना, जमिनीवर दाबून धरताना दिसले. अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. तिथल्याच एका परिचारकाने त्याआधी तक्रार केली होती. तपासणी यंत्रणेने ती मनावर घेतली नाही.

आता चांगल्या बाजूकडे. महाराष्ट्रात ही घरं बहुधा पालकांनी उभी केली. एम. जी. गोरे आणि इतर पालकांनी बदलापूरला ‘आधार’ काढलं, पुढे नाशिकलाही. डोंबिवलीजवळ खोणी गावात अविनाश बर्वे आणि अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभारलं. मला सर्वांत जवळची वाटते ती मुळशी तालुक्यातल्या कोळवणची ‘साधना व्हिलेज’. १९९४ पासून तिथे प्रौढ माणसं मोठ्या हॉलमध्ये नव्हे, वेगवेगळ्या छोट्या घरांत राहतात. प्रत्येक घराला गृहमाता असते आणि राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. आठ-दहा माणसांच्या घरात कुणाला चहात साखर जास्त लागते ते माहीत असतं. शंभर खाटांच्या हॉलमध्ये नावं लक्षात राहिली तरी खूप.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांची गोष्ट वेगळी आहे. बेवारस सापडलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, तसा कायदा करावा, ही त्यांची वर्षानुवर्षांची मागणी. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानापेक्षा मागणी पुढे सरकणं मला मोलाचं वाटलं असतं.

कायद्यात पुष्कळ काही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आणि एखाद्या ठरावीक ठिकाणीच राहा अशी सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. संस्थांना नोंदणी सक्तीची केली. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी तिच्याकडे अर्ज करता येतो. आईबाप आहोत म्हणजे पालकत्व आपोआप चालू राहतं, असा अनेकांचा समज असतो. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. कागद तयार आहे. उचल घेऊन निघालेल्या आईच्या हातात तो कुणी ठेवायचा, हे ठरायचं आहे.

मला परळीत एक घर हवं आहे. दोन खोल्यांचं चाललं तरी चालेल, पण गावाबाहेरच्या माळावर नको. बाजाराच्या अंतरावर, आठ माणसांचं, रात्रीही कुणी जागं असलेलं, आणि शेजारच्यांनी केव्हाही डोकावावं असं. सोमवारी देवळात न्यायला कुणीतरी असेल. भिंतीवर चित्रं असतील, म्हणजे बोलता न येणाऱ्यालाही आज पिठलं हवं की वरण ते बोटाने दाखवता येईल. आई फडावर असेल तिथे संध्याकाळी एक व्हिडिओ कॉल लागेल. आणि एप्रिलमध्ये टोळी परतली की ती गठुडं घरी टाकायच्या आधी तिथे जाईल. तिचं लेकरू त्याच खाटेवर, त्याच गोधडीत असेल. या हंगामात त्याला काय आवडायला लागलं, हे तिला तिथली बाई सांगेल.